शून्य आणि माफी

पापडांवर कर नाही, ही गोष्ट शासनाच्या राजपत्रात छापलेली आहे. पापड गोल असो वा चौकोनी, उडदाचा असो वा मुगाचा, वस्तू व सेवा कराच्या दरपत्रकात त्याच्या नावापुढे ‘निल’ एवढाच शब्द आढळतो. २०२१ साली पापडाच्या आकारावरून काही दिवस वाद माजला, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानेही हाच निर्वाळा दिला होता. असे असूनही आमच्या शेजारी पापडांचा लहानसा गृहोद्योग चालविणाऱ्या काकूंनी एके दिवशी सकाळी खरेदीच्या बिलांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “अरे, माझ्या पापडाला कर माफ आहे ना? मग हे अठरा टक्के दरमहा मी कुणाला मोजते?”

प्रश्न साधा होता, आणि साध्या प्रश्नांची उत्तरे देताना जी त्रेधा उडते ती माझीही उडाली. काकूंच्या हातातील बिले खोटी नव्हती, राजपत्रही खोटे नव्हते, आणि तरीही दोहोंचा मेळ बसत नव्हता. कारण आपण सर्वजण ज्या दोन गोष्टींना ‘करमुक्त’ या एकाच सैल शब्दात गुंडाळून टाकतो, त्या गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत. एक आहे माफी आणि दुसरी आहे शून्य दर. दोन्ही प्रसंगी गिऱ्हाइकाच्या पावतीवर कराची रक्कम दिसत नाही, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला त्या जुळ्या बहिणी वाटतात. परंतु दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरून जो जमाखर्च पाहील त्याला कळून येईल, की दुसरीने व्यापाऱ्याचा हक्क शाबूत ठेवला आहे आणि पहिलीने तो दयेच्या आवरणाखाली काढून घेतला आहे. लहान व्यापाऱ्यावर आपण जी कृपा केली असे समजतो ती पुष्कळ वेळा कृपा नसून न दिसणारा कर असतो, हे मला या लेखात दाखवावयाचे आहे.

विक्रीकराचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. मद्रास प्रांताने १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर बसविला, मुंबई प्रांताने १९४६ साली त्याचे अनुकरण केले. आणि या कराचा मूळचा दोष असा, की माल जितक्या हातांतून जाई तितक्या वेळा तो कर भरण्याची पाळी येई, आणि मागच्या हाताने भरलेला कर पुढच्या हाताच्या किमतीत मिसळून जाऊन करावरही कर बसे. हा दोष टाळण्यासाठी विक्री किती टप्प्यांवर करपात्र ठरवावी याविषयी अनेक खटपटी झाल्या. परंतु मुळावरचा इलाज फ्रान्समध्ये मोरीस लोरे या अधिकाऱ्याच्या योजनेतून १९५४ साली निघाला. प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या विक्रीवर कर गोळा करावा, आपल्या खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करावा, आणि उरलेला फरक तेवढा सरकारी तिजोरीत भरावा, असे या योजनेचे सार होते. ही वजावट, जिला आपले व्यापारी आजही सेटऑफ म्हणतात, केंद्रीय उत्पादनशुल्कात १९८६ साली मर्यादित स्वरूपात आली, महाराष्ट्राच्या विक्रीकरात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कराच्या रूपाने आली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा ती कणाच होऊन बसली. या पद्धतीत व्यापारी हा कराचा धनी नसून कराचा हमाल आहे; ओझे त्याच्या खांद्यावरून जाते, पण शेवटी ते उतरावयाचे असते गिऱ्हाइकाच्या दारात. वजावट ही हमालाची मजुरी नव्हे. मागच्या मुक्कामावर त्याने स्वतःच्या खिशातून भरलेला नाकेदाराचा पैसा परत मिळण्याची ती हमी आहे.

आता काकूंचा हिशेब पाहू. उडदाची डाळ त्या पंचवीस किलोंहून मोठ्या पोत्यांत घेतात, म्हणून तिच्यावर कर पडत नाही. परंतु पापड भरावयाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर १८ टक्के कर आहे, आणि ज्या गाळ्यात काम चालते त्याचा मालक नोंदणीकृत असल्यामुळे भाड्यावरही १८ टक्के कर आहे. समजा, पिशव्यांचा महिन्याचा खर्च १०,००० रुपये आणि भाडे तितकेच. तर दोहोंवर मिळून काकूंनी ३,६०० रुपये कर भरला. महिन्याची पापडविक्री १,००,००० रुपयांची धरू. पापड माफ असल्यामुळे काकूंनी गिऱ्हाइकाकडून कर घेतला नाही, हे खरे. परंतु ज्या मालाच्या विक्रीवर कर नाही त्याच्या खरेदीवरील कराची वजावटही नाही, हा माफीचा दुसरा आणि सहसा न उच्चारलेला नियम असल्यामुळे ते ३,६०० रुपये त्यांच्या खर्चातच गाडले गेले. याउलट पापडावर ५ टक्के कर असता, तर काकूंनी गिऱ्हाइकाकडून ५,००० रुपये घेतले असते, त्यातून ३,६०० वजा केले असते आणि १,४०० रुपये भरून त्या मोकळ्या झाल्या असत्या. आणि पापडावर शून्य दर असता, तर गिऱ्हाइकाकडून काहीही घ्यावे लागले नसते आणि भरलेले ३,६०० रुपये सरकारने परत दिले असते. तिजोरीच्या बाजूने पाहिले तर उघड्या करात तिला ५,००० मिळतात, शून्य दरात काहीच मिळत नाही, आणि ज्या माफीचा एवढा गाजावाजा होतो तिच्यात निमूटपणे ३,६०० मिळतात. म्हणजे काकूंच्या पापडावर कर आहेच. फक्त तो पावतीवर छापलेला नाही. आणि हेच पापड एखाद्या फरसाणाच्या कारखानदाराने घेतले, तळून मसाला लावून डबाबंद केले आणि कर लावून विकले, तर त्या ३,६०० रुपयांसकट सगळ्या किमतीवर त्याला कर आकारावा लागेल आणि वजावट मागावयास त्याच्या हातात पापडाची कर-पावती असणार नाही. साखळीच्या मध्यावर केलेली माफी ही अशा रीतीने करावर कर बसविण्याचे जुने दुखणे पुन्हा जागे करते.

आपल्या देशाने गणिताला शून्य दिले, याचा आपण अभिमान बाळगतो, आणि ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याशी व्यवहार करण्याचे नियम घालून दिले याचा उल्लेख करण्याची एकही संधी सोडीत नाही. परंतु त्या अभिमानातून एक व्यावहारिक बोध घ्यावयाचा आपण विसरलो. शून्य म्हणजे काही नसणे नव्हे. शून्य हा एक अंक आहे, त्याला स्थान आहे, आणि त्या स्थानामुळे शेजारच्या अंकांची किंमत सांभाळली जाते. १०५ मधले शून्य लिहिले काय आणि गाळले काय, असे म्हणणाऱ्याच्या हाती १५ उरतात. कराचा दर शून्य ठेवणे म्हणजे व्यापाऱ्याला साखळीत जागा देणे आणि त्या जागेवर शून्य लिहिणे. माफी म्हणजे तो रकानाच वहीतून खोडणे. पहिल्या प्रकारात मागचा हिशेब पुढे चालत राहतो, दुसऱ्यात तो तेथेच तुटतो.

आपल्या कायद्याने मात्र शून्य दर हा सन्मान देशातील कोणत्याही सर्वसाधारण विक्रीला दिलेला नाही. दरपत्रकातील ‘निल’ हा शब्द शून्य दराचा भास निर्माण करतो, पण कायद्याच्या व्याख्येत निल दराची विक्री माफ विक्रीतच मोडते. खरा शून्य दर राखून ठेवला आहे तो निर्यातीसाठी आणि विशेष आर्थिक क्षेत्राला होणाऱ्या पुरवठ्यासाठी. एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १६ हे त्याचे घर. आपला माल परदेशी जावा, आपला कर जाऊ नये, हे त्यामागचे तत्त्व असून, निर्यातीच्या ओघात होणाऱ्या विक्रीवर राज्यांना कर बसविता येऊ नये, अशी तजवीज संविधानाच्या अनुच्छेद २८६ मध्ये आरंभापासूनच आहे. त्या कलम १६ मध्येच एक वाक्य असे आहे, की ते वाचून काकूंनी चष्मा पुन्हा नाकावर आणला: निर्यात होणारा माल देशात माफ असला, तरी त्याच्या निर्यातीसाठी वजावट मिळेल. नाशिकची ताजी द्राक्षे पुण्याच्या बाजारात विकली तर माफ, आणि न्हावा-शेवा बंदरातून नेदरलंड्सला गेली तर शून्य दराची. पेटी तीच, पण पहिल्या प्रवासात पेटीच्या पुठ्ठ्यावरील कर पाठवणाऱ्याच्या अंगावर राहतो आणि दुसऱ्या प्रवासात तो परत मागता येतो. लंडनमधील एका मराठी दुकानदाराची मागणी काकूंच्या टेबलावर महिनाभर पडून होती. त्या पापडांपुरती त्यांची स्थिती माफीची न राहता शून्याची होणार होती. मात्र त्यासाठी नोंदणी हवी, परताव्याचा अर्ज दोन वर्षांच्या आत हवा, आणि प्रत्येक खरेदीची कर-पावती आपल्या नावाने घेण्याची शिस्त हवी. पूर्ण कागदपत्रांचा अर्ज साठ दिवसांत निकालात निघाला नाही तर सहा टक्के व्याज देण्याचे बंधन सरकारवर आहे. परंतु ज्याचे खेळते भांडवलच दोन महिन्यांत आटून जाते त्याला व्याजाच्या आश्वासनाने काय दिलासा मिळणार, हाही प्रश्न आहेच.

लहान उद्योगाची खरी कसोटी लागते ती एकाच वहीत या तिन्ही जाती एकत्र आल्या म्हणजे. काकूंनी अलीकडे लोणचेही घालावयास घेतले आहे, आणि लोणच्यावर आज ५ टक्के कर आहे. वर्षाची उलाढाल १२ लाख धरली, आणि त्यात ६ लाखांचे लोणचे, ४ लाख ८० हजारांचे देशात विकलेले पापड आणि १ लाख २० हजारांचे निर्यात झालेले पापड असे मानले, तर गाळ्याचे भाडे आणि पिशव्या या सामायिक खर्चावरील ४३,२०० रुपयांच्या करापैकी किती वजावट मिळेल? नियम असा, की एकूण उलाढालीत माफ विक्रीचा जो हिस्सा, तेवढ्या हिश्शाची वजावट सोडून द्यावी. देशात विकलेले पापड ४० टक्के, म्हणून १७,२८० रुपये सोडावयाचे आणि २५,९२० रुपये राखावयाचे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की निर्यात झालेले पापड लोणच्याच्या पंगतीत बसले. त्यांच्याही दरापुढे काही आकडा नाही, पण हक्कांच्या मोजणीत ते करपात्र मालाचे भाऊबंद ठरले. हा हिशेब दरमहा अंदाजाने करावयाचा आणि वर्षअखेर नक्की करावयाचा. जो करीत नाही त्याला पुढे नोटीस येते, व्याज येते, आणि मग माफीचा माल विकणाराही कराच्या कचेरीत हेलपाटे घालताना दिसतो.

नोंदणीच्या उंबरठ्याची गोष्टही अशीच फसवी आहे. केवळ माफ माल विकणाऱ्याला, त्याची उलाढाल कितीही असो, नोंदणीची गरज नाही. केवळ वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु उलाढाल मोजताना माफ माल आणि निर्यात हे दोन्ही धरले जातात. म्हणून ३८ लाखांचे पापड विकणाऱ्या बाईने ३ लाखांचे लोणचे घातले, तर तिची उलाढाल ४१ लाख होते आणि तीन लाखांच्या लोणच्यापायी तिला संपूर्ण धंद्याची नोंदणी करावी लागते. लोणच्याची बरणी उघडण्यापूर्वी हे गणित मांडणाऱ्या किती गृहिणी आपणास भेटतात?

येथवर मी पापडावर रेंगाळलो, कारण लहान आकड्यांत तत्त्व स्पष्ट दिसते. परंतु हेच तत्त्व मोठ्या सार्वजनिक निर्णयांतही आपला अंमल चालवीत असते. २०१८ च्या जुलै महिन्यात सॅनिटरी नॅपकिन करमुक्त झाले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला, आणि मागणीमागील न्याय्य भावनेशी कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु तो निर्णय माफीचा होता, म्हणून कच्च्या मालावर कर भरणाऱ्या देशी उत्पादकाची वजावट गेली, आणि तयार माल परदेशातून आणणाऱ्याचा आयातीवरील वस्तू व सेवा कर मात्र पूर्ण गेला. बचतगटाच्या छोट्या कारखान्याच्या पदरात कराचा मागचा भाग राहिला आणि आयातदार मोकळा झाला. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ रोजी त्याच वस्तूवर शून्य दर लावला, तेव्हा तेथील उत्पादकाचा खरेदीवरचा कर परत मिळण्याचा हक्क शाबूत राहिला. उद्देश एकच, वस्तू एकच. फरक पडला तो केवळ माफी आणि शून्य यांच्यातला. त्याच २०२१ च्या मे महिन्यात कोविडच्या लसींवरील कर माफ करण्याची मागणी आली असता, पूर्ण माफी दिल्यास उत्पादकांना वजावट मिळणार नाही आणि तो भार किमतीत चढेल, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीरपणे सांगितले. युक्तिवाद निर्दोष होता; प्रश्न एवढाच उरतो, की जे तर्कशास्त्र लसीला लागू पडले ते अन्य माफ वस्तूंना का लागू पडत नाही? २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या माफ झाल्या, तेव्हा सरकारने हा धोका ओळखून वहीच्या कागदावरचा करही काढला, पण दुखणे त्यामुळे बरे झाले नाही. ते एक कडी मागे सरकून कागदगिरणीत जाऊन बसले, आणि एकच कागद वहीसाठी माफ व पुस्तकासाठी १८ टक्के, असा नवा घोळ जन्माला आला.

मग सर्वच जीवनावश्यक वस्तूंना शून्य दर का देऊ नये? हा प्रश्न विचारणाऱ्याने दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. शून्य दर म्हणजे सरकारने आपल्या खिशातून परतावे देणे, आणि जेथे परतावा आहे तेथे खोट्या पावत्यांचा कारखाना उभा राहतो, हा अनुभव आपल्याला निर्यातीच्या निमित्ताने आलेला आहे. शिवाय शून्य दराच्या सीमेवर नेहमीच भांडणे होतात. ब्रिटनमध्ये केकवर शून्य दर आणि चॉकलेटने मढविलेल्या बिस्किटावर पूर्ण कर असल्यामुळे जाफा केक हा केक आहे की बिस्कीट याचा निवाडा १९९१ साली न्यायाधिकरणाला करावा लागला. आणि २०२४ साली तर तेथील न्यायाधिकरणापुढे चक्क पापडच उभा राहिला, तेव्हा बटाट्यापासून केलेले ते चिमुकले पापड बटाट्याच्या वेफरांचेच सोयरे ठरून २० टक्क्यांच्या कचाट्यात सापडले. माफीचाही एक खरा गुण मान्य केला पाहिजे, की ती माणसाला कागदपत्रांच्या जाचातून सोडविते. हातगाडीवर मेथीच्या जुड्या विकणाऱ्याची खरेदी जवळजवळ सगळी करमुक्त असते आणि गिऱ्हाईक थेट घरचे असते. त्याला वजावट देऊ करून विवरणपत्रे भरावयास लावणे म्हणजे आजार नसता औषध पाजणे होय. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा आरंभ केला, तेव्हा त्यांना नोंदवही आणि हिशेबनीस यांची गरज लागली असती तर कदाचित पहिले पापड वाळलेच नसते.

म्हणून माझे म्हणणे माफी नको असे नाही. ती कोठे द्यावी याविषयी आहे. साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर, ज्याची खरेदी करमुक्त आहे आणि गिऱ्हाईक घरगुती आहे अशा विक्रेत्याला माफी द्यावी. ती तेथे शोभते. परंतु ज्याच्या खरेदीवर कर आहे, ज्याला यंत्र घ्यावे लागते, पिशव्या छापाव्या लागतात, ज्याचा माल पुढे दुसऱ्या उद्योगाच्या हाती जातो, अशाला माफी देणे म्हणजे त्याचा हात दयेने धरून त्याला साखळीबाहेर नेणे होय. अशा ठिकाणी वजावटीसह अल्प दर हा माफीहून प्रामाणिक ठरतो. न्यूझीलंडने १९८६ साली जवळजवळ सर्व वस्तूंवर, अन्नधान्यासुद्धा, एकच दर बसविला आणि माफीची यादी अगदी आखूड ठेवली. आपल्याकडील दारिद्र्य पाहता ते अनुकरण शब्दशः करता येणार नाही, परंतु गरिबाला मदत करावयाची ती कराच्या यादीतूनच केली पाहिजे असे नाही, हा त्यातील बोध घेण्यासारखा आहे. आणि निदान एवढे तरी व्हावे, की ज्या लहान उत्पादकाला माफी नको असेल त्याला ती नाकारता यावी. आज तशी सोय नाही. सरकारने एखादा माल बिनशर्त माफ केला की व्यापाऱ्याने कर लावण्याची इच्छा दाखविली तरी त्याला तो लावता येत नाही. छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दराची कॉम्पोझिशन योजना ऐच्छिक आहे, पण माफी मात्र सक्तीची. जिचा अव्हेर करता येत नाही अशा कृपेला आपल्या जुन्या दप्तरांत दुसरा शब्द असता.

काकूंनी हे सारे ऐकून घेतले, मधूनमधून “म्हणजे लंडनचे पापड वेगळ्या वहीत लिहायचे ना?” असे विचारून माझ्या व्याख्यानाला जमिनीवर आणले, आणि मग आपली लांबट लाल वही उघडली. पापडाच्या पाकिटाची किंमत ठरविताना त्यांचे रकाने ठरलेले होते: डाळ, मसाला, मजुरी, पिशवी, भाडे, नफा. त्यांनी पट्टी घेऊन शेवटी आणखी एक उभी रेघ ओढली, वर ‘माफ मालातला कर’ असे लिहिले, आणि शंभर रुपयांच्या पाकिटापुढे त्या रकान्यात पहिला आकडा मांडला: ३ रुपये ६० पैसे.